मॅडम, मी एक फाइल उघडली

"ताई, आमचा नंबर केव्हा लागन वो?"

मथुराबाई वानखडे तिसऱ्यांदा माझ्या खिडकीशी आल्या होत्या. मागे बाकावर त्यांचे यजमान साहेबराव गळ्याभोवती पंचा सैल गुंडाळून, भिंतीला टेकून बसले होते. घशाचा कॅन्सर होता. रेडिएशनला आमच्या भागात सगळे 'शेक' म्हणतात. तो त्यांना रोज चालू होता. एकूण पस्तीस द्यायचे होते, एकवीस झाले होते.

"आत एक पेशंट आहेत, मावशी. ते आले बाहेर की काकाच."

"यायले बसवत नाही वो जास्त. पाणी गिळता येत नाही सकाळपासून."

"पाच मिनिटं फक्त."

त्या परत बाकाकडे गेल्या आणि मी मेल उघडला.

ही दोन हजार सतरा सालची गोष्ट. खामगावला आरोग्यसाधना कॅन्सर रुग्णालयाच्या रेडिएशन विभागात मी नोंदणीच्या खिडकीवर होते. वय चोवीस. नोकरीला तीन महिने होत आले होते आणि ते तीन महिने मला पारखून घेण्याचे होते. येत्या सोमवारी कायम केल्याचं पत्र मिळायचं होतं. त्याआधी मी अकोल्याला एका शिकवणी वर्गाच्या ऑफिसात काम करायचे. तिथं माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीनं शंभर मुलांच्या प्रवेशपत्रांवर चुकीची तारीख छापली. सरांनी तिला वर्गासमोर उभं केलं, सगळ्यांना तिचं नाव सांगितलं आणि त्याच पावली घरी पाठवलं. तेव्हापासून चूक या शब्दाचीच मला धास्ती होती.

मेल अकोल्याच्या लॅबकडून आला होता. त्यांचे तपासणीचे रिपोर्ट रोज यायचे, त्यामुळे त्यात नवल काही नव्हतं. वर लिहिलं होतं, 'तातडीचे रिपोर्ट'. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एक अक्षर जास्त होतं, पण ते मला दुसऱ्या दिवशी बोट ठेवून दाखवल्यावर दिसलं. फाइल उघडली तर वर एक पिवळी पट्टी आली: मजकूर पाहायचा असेल तर परवानगी द्या. मी दिली. पान कोरंच. लॅबवाल्यांनी काहीतरी चुकीचं पाठवलेलं दिसतंय म्हणून मी ते बंद केलं. घड्याळात साडेतीन झाले होते.

मग साहेबरावांची वेळ नोंदवायला त्या दिवसाची यादी उघडायला गेले. ती उघडेना. नीट पाहिलं तर यादीवरचं हिरवं चित्र जाऊन तिथं कोरा पांढरा कागद आला होता आणि नावाला मागे कसलीतरी अक्षरांची शेपटी लागली होती. शेजारच्या फाइललाही. तिच्या खालच्या फाइललाही. रांगेतल्या माणसांनी एकामागून एक पाठ फिरवावी तशा माझ्या डोळ्यांदेखत एकेक फाइल पांढरी होत चालली होती.

आणि मग सगळा पडदा व्यापून एक लाल चौकट आली. इंग्रजीत लिहिलं होतं की तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप लावलं आहे, किल्ली हवी असेल तर अमुक इतके पैसे भरा. पैसे कसल्याशा चलनात मागितले होते, ते नावही मी तेव्हा पहिल्यांदाच वाचलं. बाजूला एक घड्याळ उलटं चालू झालं होतं. बहात्तर तास.

पुढची चार मिनिटं मी काय केलं ते मी फार थोड्या लोकांना सांगितलं आहे.

मी ती चौकट बंद केली. ती परत आली. परत बंद केली, परत आली. मग मी तो मेल काढून टाकला आणि टाकलेल्या मेलच्या पेटीतूनही पुसला. पडदा बंद केला, म्हणजे नुसतं काळं दिसावं. पर्स हातात घेतली. चहाला म्हणून खाली जायचं, पंधरा मिनिटांनी यायचं, आणि म्हणायचं, अगंबाई, हा कॉम्प्युटर काहून चालत नाही? असं सगळं मनात जुळवून झालं होतं. कुणी मला पाहिलं नव्हतं.

"ताई, काय झालं वो?" मथुराबाई पुन्हा खिडकीशी. "तोंड काहून उतरलं तुमचं?"

"काही नाही, मावशी."

"बरं नसन वाटत तं बसा जरा. आमाले काही घाई नाही."

त्यांना घाई होती. मागे साहेबराव दोन्ही हातांनी गळा धरून बसले होते, तरी ही बाई मला आमाले घाई नाही म्हणत होती. त्यांच्या हातात शेकाचं कार्ड होतं. त्यावर एकवीस खुणा आणि चौदा कोरी घरं. मी पर्स खुर्चीवर टाकली आणि आतल्या खोलीकडे निघाले. पळाले म्हटलं तरी चालेल.

आतल्या खोलीत काळपांडे मॅडम बसायच्या. हेमांगी काळपांडे या आमच्या विभागाच्या भौतिकतज्ज्ञ. कुठल्या पेशंटला, शरीराच्या कुठल्या भागावर, कुठल्या कोनातून, किती शेक द्यायचा याचं सगळं गणित त्या मांडायच्या. डॉक्टर सांगणार, त्या मांडणार आणि मगच मशीन चालणार. पंचेचाळिशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. दारावर टकटक केल्याशिवाय कुणी आत जात नसे. आम्ही सगळे त्यांना वचकून होतो आणि मागे थोडे हसायचोही. कारण दर शुक्रवारी दुपारी त्या मुख्य कॉम्प्युटरला तळहाताएवढी एक डिस्क जोडून सगळ्या पेशंटची माहिती तिच्यात उतरवून घ्यायच्या. मग वायर काढून ती डिस्क स्वतः पलीकडच्या जुन्या इमारतीत नेऊन लोखंडी कपाटात कुलूपबंद करायच्या. अशा दोन डिस्क होत्या, एका शुक्रवारी ही, पुढच्या शुक्रवारी ती. "निघाली मॅडमची डबी," असं आम्ही म्हणायचो.

तो शुक्रवारच होता. मी टकटक न करता दार ढकललं तेव्हा डिस्क टेबलावर होती, जोडलेली, आणि तिचा बारका दिवा लुकलुकत होता.

"मॅडम, मी एक फाइल उघडली."

त्यांनी वर पाहिलं. पुढचं वाक्य मी मनात तयार करून आले होते, ते मला आठवेना. "मेलवरची. लाल चौकट आलीय. सगळ्या फायली पांढऱ्या..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी हात लांब करून डिस्कची वायर उपटली. काढली नाही, उपटली. मग वाकून मुख्य कॉम्प्युटरच्या मागची निळी वायर ओढली. मग उठल्या आणि मला बाजूला सारून बाहेर धावल्या. त्या बाईला धावताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"निळ्या वायरी काढा! सगळ्या कॉम्प्युटरच्या! बंद करू नका, बटणाला हात लावू नका, नुसती निळी वायर काढा!"

मशीनवरच्या तंत्रज्ञानं आतला शेक थांबवून पेशंटला बाहेर आणलं. मी धावत जाऊन माझ्या खिडकीतली वायर काढली. दोन मिनिटांत सातही कॉम्प्युटर एकमेकांपासून सुटे झाले. पाचांवर ती लाल चौकट आली होती. मी फक्त माझ्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली होती. हे असलं काही वायरीतून आपोआप दुसऱ्याच्या घरात शिरतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

मॅडमनी खिशातून पेन काढला. "किती वाजता उघडलीस?"

"साडेतीनला."

"चौकट केव्हा आली?"

"तीन चौतीस." मग माझा आवाज फुटला. "मॅडम, मी लगेच नाही आले. चार मिनिटं बसून राहिले. मेल पण पुसून टाकला. मी चहाला जाणार होते."

त्यांनी ते सगळं लिहून घेतलं. साडेतीन, तीन चौतीस, तीन अडतीस. वही मिटली आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "थँक यू, प्रणिता."

मला तो टोमणाच वाटला. त्याहून धारदार बोलणं मी ऐकलं नव्हतं.

मग त्या बाकापाशी गेल्या. सहा पेशंट थांबले होते. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं, पण त्या स्वतः साहेबरावांच्या समोर उकिडव्या बसल्या. "काका, आज शेक देता येणार नाही. बाहेरच्या कुणीतरी आमच्या कॉम्प्युटरमध्ये घाण घातली आहे. मशीन चांगली आहे. पण तुम्हाला कुठं आणि किती द्यायचं ते कॉम्प्युटरमध्ये आहे. ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी मशीन लावणार नाही."

"एखांदा दिवस चुकला तं चालते काय?" मथुराबाईंनी विचारलं.

"एक-दोन दिवस भरून काढता येतात, मावशी. जास्त दिवस गेले तर आजपर्यंत सोसलेलं वाया जायला लागतं. ते मी होऊ देणार नाही."

साहेबरावांचा आवाज महिन्याभरापूर्वीच बसला होता. त्यांनी नुसती मान हलवली.

सगळे गेल्यावर मॅडमनी मला समोर बसवून समजावलं. गेल्या शुक्रवारची डिस्क कपाटात सुखरूप होती, कुठल्याच वायरीला जोडलेली नव्हती, त्यामुळे तिला काही होणार नव्हतं. एकतीस पेशंटपैकी बावीस जणांचं सगळं गणित तिच्यात होतं. प्रश्न नऊ जणांचा होता. त्यांची आखणी याच आठवड्यात झाली होती. त्यात साहेबराव होते. जेवण जात नसल्यानं त्यांचं वजन नऊ किलो उतरलं होतं, चेहरा घट्ट धरून ठेवणारा जाळीचा साचा ढिला पडला होता, म्हणून मंगळवारी नवा साचा, नवा स्कॅन, नवं गणित केलं होतं. ते फक्त मुख्य कॉम्प्युटरमध्ये होतं आणि तिथं आता उघडत नव्हतं; पण मी आत शिरले तेव्हा ते डिस्कमध्ये उतरून झालं होतं.

"म्हणजे आहे ना मॅडम, डिस्कमध्ये?"

"डिस्क जोडलेली होती. लागण तिलाही झालेली असू शकते." त्यांनी डिस्क एका लिफाफ्यात घातली. "आत्ता कुठल्याही कॉम्प्युटरला लावायची नाही. वाचली असेल तर आपल्याच घाईनं जाईल."

"आणि नसेल वाचली तर?"

"तर नऊ जणांचं पहिल्यापासून. आठ-दहा दिवस."

संध्याकाळी सहाला अकोल्याहून इरफान शेख आला. हा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस, मॅडमनी फोन करून बोलावलेला. त्यानं सगळ्या लाल चौकटींचे फोटो काढले, कुणालाही काही पुसू दिलं नाही आणि आधी सायबर पोलिसांत तक्रार करायला लावली. मी घरी गेले. आईनं विचारलं, सोमवारी पत्र मिळणार ना गं? मी हो म्हटलं.

शनिवारी दहा वाजता प्रशासक सरोदे साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. सरोदे वाईट माणूस नव्हते. पण सकाळपासून त्यांना विश्वस्तांचे फोन येत होते आणि त्यांच्यापुढे एक कोरा कागद होता.

"पहिलं मला हे सांगा, उघडलं कुणी? नाव लिहून द्यायचंय वर."

"माझं लिहा," मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही उघडलं?"

"विभागातले कॉम्प्युटर अद्ययावत ठेवायचं काम माझं. फायलींना कुलूप लावणाऱ्या या किड्याला अडवणारी दुरुस्ती दोन महिन्यांपूर्वीच आली होती. ती टाकायला मशीन अर्धा दिवस बंद ठेवावी लागते म्हणून मी पुढं ढकलत राहिले. मेल येतो तो कॉम्प्युटर आणि पेशंटचं गणित असलेला कॉम्प्युटर एकाच जाळ्यात ठेवायचे नसतात. तेही मी चालवून घेतलं. कुणीतरी कधीतरी फाइल उघडणारच होतं, साहेब."

मी उभी राहिले. "मी उघडली, सर."

सरोदेंनी माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या कागदाकडे. "सोमवारी तुमचंच पत्र आहे ना सहीला?"

"हो."

ते इरफानकडे वळले. "पैसे भरले तर सुटतं का हे? विश्वस्त विचारतायत. पेशंटचा जीव आहे, भरून टाकू म्हणतायत."

"साहेब, ज्यानं कुलूप लावलं त्याच्याच भरवशावर किल्ली मागायची," इरफान म्हणाला. "माझ्या एका गिऱ्हाइकानं भरले मागं. किल्ली आली. अर्ध्या फायलींना लागलीच नाही. दीड महिन्यानं परत त्याच माणसाचा निरोप आला. एकदा देणारा घर दाखवून ठेवतो ना."

"मग दुसरा काही उपाय?"

"काही काही कुलपांच्या किल्ल्या जाणकार लोकांनी शोधून फुकट ठेवलेल्या असतात. ही नवी आहे. हिची मी काल शोधली, नाही मिळाली."

"आधी डिस्क बघू," मॅडम म्हणाल्या.

इरफाननं पिशवीतून एक जुना लॅपटॉप काढला. तो त्यानं कशालाच जोडलेला नव्हता आणि त्यात रुग्णालयाचं काहीच नव्हतं. त्यावर काहीही चालू न करता नुसतं वाचता येईल अशी व्यवस्था त्यानं करून आणली होती. त्यानं लिफाफा उघडला, डिस्क लावली. मी मॅडमच्या हातांकडे बघत होते. दोन्ही हात मांडीवर घट्ट एकमेकांत धरलेले.

पडद्यावर वर्षांची यादी आली. रुग्णालय सुरू झालं ते दोन हजार अकरापासून.

इरफाननं अकरा उघडलं. सगळं पांढरं. बारा पांढरं, तेरा पांढरं, चौदाही. पंधरा उघडलं तर वरच्या अर्ध्या फायली पांढऱ्या, आणि मग एका नावापासून खाली सगळी चित्रं जागच्या जागी. सोळा शाबूत होतं.

"सतरा," मॅडम म्हणाल्या.

सतरा शाबूत होतं. त्यात शेवटून चौथं नाव साहेबराव वानखडे. इरफाननं ते उघडलं. मंगळवारचा स्कॅन आणि नव्या साच्याचं गणित जसंच्या तसं होतं.

मॅडमनी डोळे मिटले आणि उघडले.

"हा वर्षाच्या क्रमानं चालला होता," इरफान म्हणाला. "जुनी वर्षं तुमच्या दुसऱ्या डिस्कमध्ये आहेत, त्यांची काळजी नाही. पण अजून दोन-तीन मिनिटं मिळाली असती तर सतरा साल गेलं असतं." त्यानं एका आकड्यावर बोट ठेवलं. "शेवटची फाइल खराब झाली ती तीन अडतीसला. त्याच्यानंतर एकही नाही. वायर कुणी काढली?"

"काढली मी," मॅडम म्हणाल्या. "सांगितलं हिनं. मला काहीच दिसलं नव्हतं, माझ्यासमोरचा पडदा तेव्हा ठीकच होता. ही चहाला गेली असती तर मी निवांतपणे ती डिस्क तशीच जोडलेली राहू दिली असती, आणि मग कपाटात नेऊन ठेवली असती."

सरोदेंनी समोरचा कोरा कागद दुमडला आणि खिशात घातला. मग आपल्यासमोरचा पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "प्या," म्हणाले. मी रडत होते हे मला तेव्हा कळलं.

रविवार आणि सोमवार आम्ही तिघं विभागातच होतो. इरफाननं सातही कॉम्प्युटर धुऊन पुसून काढावेत तसे कोरे केले, सगळं नव्यानं घातलं, राहिलेल्या दुरुस्त्या टाकल्या. माझा मेलचा कॉम्प्युटर त्यानं वेगळा केला. त्याची वायर आता पेशंटच्या माहितीपर्यंत पोचत नव्हती. मग स्वच्छ मशीनवर दोन्ही डिस्कमधली माहिती उतरवली. मॅडमचा तेवढ्यावरही विश्वास नव्हता. एकतीस पेशंटची कागदी कार्डं काढून मी मोठ्यानं आकडे वाचायचे, त्या पडद्यावर ताडून बघायच्या. एकही आकडा नजरेआड केला नाही. मंगळवारी सकाळी पेशंटच्या आधी त्यांनी पाण्याच्या टाकीवर मशीन चालवून शेक मोजला. बरोबर आला तेव्हाच दार उघडलं.

साहेबरावांचा नंबर दहा चाळीसला लागला. दाराबाहेरचा लाल दिवा लागला आणि मथुराबाईंनी माझा हात धरला. त्यांना शुक्रवारनंतरचं काही ठाऊक नव्हतं. लाल दिवा विझला, तंत्रज्ञानं दार उघडलं, साहेबराव पंचा सावरत बाहेर आले.

"झालं वो ताई," मथुराबाई म्हणाल्या. "बावीस झाले."

शुक्रवार आणि सोमवार असे दोन शेक चुकले होते. ते पुढच्या दोन शनिवारी भरून काढले.

त्याच दुपारी सरोदे साहेबांच्या शिपायानं एक लिफाफा आणून दिला. पत्र होतं, कायम केल्याचं, त्यांच्या सहीचं. मी ते हातात घेऊन मॅडमच्या खोलीपाशी गेले आणि या वेळी टकटक केलं.

त्यांनी पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं. मी तिथंच उभी.

"काय गं?"

"मॅडम, त्या दिवशी तुम्ही मला थँक यू म्हणालात."

"मग?"

"तो टोमणा होता ना?"

"बस," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी जे सांगितलं, ते मी इतकी वर्षं जपून ठेवलं आहे.

"मी तुझ्याएवढी होते. पहिली नोकरी. गाव सांगत नाही. एका बाईंच्या गणितात माझ्या हातून एक आकडा चुकला. एक दिवस शेक जास्त गेला. संध्याकाळी वही चाळताना माझ्या लक्षात आलं. आमचे साहेब फार कडक होते. मी म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी त्याच आकड्यानं परत गेला. आणि मी त्याही दिवशी नाही सांगितलं."

"का?"

"तू का बसली होतीस चार मिनिटं?"

मी खाली पाहिलं.

"मी दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी त्या बाई मशीनकडे निघाल्या, तेव्हा माझ्यानं बघवेना. मी त्यांच्या आडवी गेले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं."

"त्यांना काही झालं?"

"कातडी सोलवटून निघाली. महिनाभर कूस बदलता येत नव्हती. तिसरा दिवस गेला असता तर काय झालं असतं, ते मी कधी मोजलं नाही. मोजता येतं मला, पण नाही मोजलं. साहेबांनी मला तिथंच झापायला सुरुवात केली. मी ऐकत उभी होते. तर त्या बाई म्हणाल्या, 'साहेब, तिला ओरडू नका. तुम्ही ओरडाल म्हणूनच ती दोन दिवस गप्प बसली, आणि ते मला भोगावं लागलं.' मग त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. ज्या बाजूला मी भाजलं होतं ना, त्याच बाजूचा हात. म्हणाल्या, 'थँक यू, बाळ. आज सांगितलंस.'"

"तेव्हापासून वाईट बातमी घेऊन कुणीही आलं की माझ्या तोंडून आधी तेच निघतं," मॅडम म्हणाल्या. "बाकीचं नंतर."

"त्या बाई आहेत अजून?"

"आहेत की. ऐंशीला आल्या. दर दिवाळीला मी फोन करते."

साहेबरावांचे पस्तीस पुरे झाले. मथुराबाईंनी शेवटच्या दिवशी सगळ्या विभागाला तिळाचे लाडू दिले. त्यांनी मला चार जास्त दिले, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्या दिवाळीत, पाडव्याच्या दुपारी, मॅडमनी मला घरी फराळाला बोलावलं. चिवडा पुढं ठेवला, फोन लावला, दोन मिनिटं तब्येतीची विचारपूस केली आणि मग काही न सांगता फोन माझ्या हातात दिला. पलीकडून एक म्हातारा, पण ठणठणीत आवाज आला, "कोण गं?"

मॅडम उठून आत निघून गेल्या. मला एवढं उमगलं की माझ्या आणि साहेबरावांच्या आयुष्यातलं काहीतरी या आवाजामुळे वाचलं होतं, आणि ते त्या आवाजाला माहीतच नव्हतं.

"आजी, तुम्ही मला ओळखत नाही," मी म्हटलं. आणि पुढचं सगळं सांगायला मला पाऊण तास लागला.